क्लबहाऊसला चार स्टार, शाळेच्या रस्त्याला अर्धा: पोरं घेऊन टाउनशिपमध्ये राहायला जाणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

पुण्याच्या बाहेर, रिंगरोड होणार होणार म्हणतात त्या बाजूला एका टाउनशिपमध्ये आम्ही भाड्याने राहतोय, आता बऱ्यापैकी मुरलोय. नाव लिहीत नाही, एक तर घरमालक वाचेल आणि दुसरं म्हणजे नावाने काही फरक पडत नाही, या पट्ट्यातल्या निम्म्या टाउनशिप एकाच साच्यातून काढल्यासारख्या आहेत. यूट्यूबवर रिव्ह्यू बघाल तर सगळे कार्पेट एरिया, व्ह्यू, मेंटेनन्स आणि रीसेलवर बोलतात. मला दोन पोरं आहेत, मुलगी सातवीत आणि मुलगा तिसरीत, आणि मी फक्त एकाच गोष्टीचा रिव्ह्यू लिहितेय, की इथे राहून पोरांचे हातपाय दिवसभरात किती हलतात. टँकर, लिफ्ट, सोसायटीचं राजकारण यावर लिहिणारे खूप आहेत.

आधी चांगलं लिहिते. गाड्या गेटमधूनच खाली बेसमेंटमध्ये जातात, वर पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर केलेल्या मोकळ्या जागेत, गाडी येतच नाही. सिक्युरिटी आहे, लाइट भरपूर आहेत. मुलगी रात्री साडेआठपर्यंत खाली असली तरी मला खिडकीतून डोकावावं लागत नाही, आणि हे छोटं नाहीये. ११ ते १७ वयातली जगातली ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत असं डब्ल्यूएचओच्या अभ्यासात २०१९ ला आलं होतं, त्यात मुलगे ७८ आणि मुली ८५ टक्के. "अंधार पडला, घरी ये" हे वाक्य मुलींनाच जास्त ऐकावं लागतं, त्यामुळे त्या फरकाचं मला तरी आश्चर्य वाटलं नाही. तर गेटच्या आतली सेफ्टी, पाचपैकी पाच, हात आखडता घेणार नाही.

आता पोडियम. दिसायला झकास आहे, फोटोत तर परदेशच. पण खाली स्लॅब आणि वॉटरप्रूफिंग, वर जेमतेम मातीचा थर आणि त्यावर लॉन, त्यामुळे लॉनवर पाय ठेवायचा नाही अशी पाटी. दुसरी पाटी, बॉल खेळू नये. तिसरी पाटी, सायकल चालवू नये, कारण जॉगिंग ट्रॅकवर सीनियर सिटिझन असतात आणि एकदा कुणा आजोबांना धक्का लागला होता. आजोबांची बाजू मला पटते, पण मग पोरांनी करायचं काय? किड्स प्ले एरिया आहे, रबराची फरशी, घसरगुंडी, दोन झोके, वयोगट ३ ते ८. जिमचा वयोगट १६ च्या पुढे. मधल्या आठ वर्षांतल्या पोरांसाठी आर्किटेक्टने काय विचार केला होता हे मला शोधूनही सापडलं नाही. माझी सातवीतली पोरगी आणि तिच्या मैत्रिणी संध्याकाळी पोडियमला गोल गोल चकरा मारतात आणि मग बेंचवर बसून रील्स बघतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, चकरा मारणे आणि बसणे एवढीच सोय आहे.

क्लबहाऊस मात्र खरंच छान. पूल आहे, बॅडमिंटनची दोन कोर्ट आहेत, टेबल टेनिस आहे, स्क्वॉशसुद्धा आहे (ज्यात मी अजून कोणी खेळताना बघितलं नाही, तिथे दिवाळीच्या माळा ठेवतात). अडचण अशी की सगळं स्लॉटवर. ॲपवर बुकिंग उघडलं की दोन मिनिटांत संध्याकाळचे स्लॉट आयटीतल्या काकालोकांनी उचललेले असतात, १२ वर्षांखालच्या पोरांबरोबर मोठं माणूस हवं, पूलला कोचची फी वेगळी. म्हणजे खेळायचं असेल तर आईबाबांपैकी एक मोकळं हवं, फोन हातात हवा आणि पैसे हवेत. आमच्या लहानपणी खेळायला खाली जाणं म्हणजे चपला घालणं एवढंच होतं. तरी मी क्लबहाऊसला चार देते, बिल्डिंग म्हणून छानच आहे.

आता मुख्य मुद्दा, शाळा. ब्रोशरमध्ये नकाशा असतो ना, त्यात सगळ्या चांगल्या शाळा "१० मिनिटांवर" असतात. कुठल्या वाहनाने, किती वाजता, ते नसतं. पोरांची शाळा ९ किलोमीटरवर आहे आणि बस सगळ्या सोसायट्यांच्या गेटवर वळसे घेत जाते म्हणून पोरांचा प्रवास त्याहून बराच लांब. साधारण तासभर जाताना, तासभर येताना, पावसाळ्यात आणि मेट्रोचं किंवा पुलाचं काम चालू असेल तेव्हा विचारू नका. बससेवा वाईट आहे असं अजिबात नाही, पिवळी बस, बाई अटेंडंट, जीपीएस, बस कुठे आली ते ॲपवर दिसतं, काका शिस्तीचे आहेत. बसला म्हणून रेटिंग द्यायचं तर साडेचार. पण जरा त्या दिवसाचा हिशोब करा, लिफ्टने खाली, गेटपर्यंत सोसायटीची बॅटरी बग्गी (हो, शाळेच्या वेळेला बग्गी असते आणि तिचं कौतुकही असतं), मग बस, बस थेट शाळेच्या पोर्चमध्ये, येताना हेच उलटं. ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी असं डब्ल्यूएचओ म्हणतं. आमच्याकडे दोन तास बसून प्रवास आणि शाळेत जाण्यायेण्याचं चालणं जवळजवळ शून्य. मुलाच्या पायाला शाळेचा रस्ता माहीतच नाही, त्याला तो खिडकीतून माहीत आहे.

शाळेचं स्वतःचं ग्राउंड बघितलं तर तुम्ही म्हणाल काय कमी आहे. टर्फ आहे, ट्रॅक आहे, बास्केटबॉल आहे, ॲडमिशनच्या वेळी टूर देतात तेव्हा आपलंच मन उड्या मारायला लागतं. पण पीटीचे आठवड्याला दोन तास (तास म्हणजे ४० मिनिटं, त्यातली दहा रांग लावण्यात). आणि शाळा सुटली की बस निघते, म्हणजे सुटल्यावर ग्राउंडवर रेंगाळायचा प्रश्नच येत नाही. मुलीला बास्केटबॉलच्या टीममध्ये घेत होते, प्रॅक्टिस शाळेनंतर, त्या वेळची बस नाही, आपण आणायला जायचं म्हणजे नवऱ्याने किंवा मी चार वाजता ऑफिसमधून निघायचं. नाही जमलं. तिच्या वर्गातल्या ज्या तीन मुली टीममध्ये आहेत त्या तिघीही शाळेच्या आसपास राहणाऱ्या आहेत. टीम निवडताना उंची बघत असतील, पण त्याआधी पत्ता बघितला जातो एवढं मला कळलं. रविवारी ते सुंदर टर्फ कुलपात असतं, आणि उघडं असतं तरी ९ किलोमीटर जाऊन कोण खेळणार.

यात अजून एक गोष्ट आहे जी राहायला आल्याशिवाय कळत नाही. शाळेतले मित्र गावभर विखुरलेले, एक बाणेरला, एक वाकडला, एक थेट चिंचवडला. आणि सोसायटीतली पोरं पाच वेगळ्या शाळांतली, पाच वेगळ्या वेळांना घरी येणारी, कुणाचा ॲबॅकस सोमवारी तर कुणाचा बुधवारी. क्रिकेटला अकरा सोडा, सहा पोरं एकत्र यायची मारामार. शाळा आणि घर एकाच वस्तीत असलं की शाळेतली भांडणंसुद्धा संध्याकाळी मैदानात पुढे चालू राहतात, इथे ती व्हॉट्सॲपवर राहतात.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते याने, की जवळ शाळा नाही असं नाहीये. आमच्या बाल्कनीतून एक शाळा दिसते, दुपारच्या सुट्टीचा गलका ऐकू येतो. सरळ रेषेत सातआठशे मीटर असेल. पण मध्ये टाउनशिपची कंपाउंड वॉल, पलीकडे नाला, आणि तिकडे जोडणारा विकास आराखड्यातला (डीपी) रस्ता भूसंपादनात अडकलेला, पुण्यात ज्याला सगळे मिसिंग लिंक म्हणतात तो प्रकार. त्यामुळे मेन गेटने बाहेर पडून हायवेला लागून फिरून जायचं, ते झालं दोन-अडीच किलोमीटर, आणि त्यात फुटपाथ नावाला शंभर मीटर, बाकी काँक्रीटचे मिक्सर, डंपर आणि टँकर. क्रॉसिंगला ना सिग्नल ना झेब्रा. या रस्त्याने मी स्वतः जीव मुठीत धरून जाते, तिसरीतल्या पोराला कशी पाठवू? भिंतीत एक छोटं गेट पाडावं म्हणून मीटिंगमध्ये विषय काढला होता, सिक्युरिटी रिस्क म्हणून तो हाणून पाडण्यात आला, हात वर करणारे आम्ही मोजके. भिंत जितकी सेफ ठेवते तितकीच कोंडते हे कुणाला पटवायचं.

आता यावर कोणी म्हणेल की कायदा आहे ना. आहे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, त्याच्या नियमांत पहिली ते पाचवीला १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीला ३ किलोमीटरच्या आत शाळा असायला पाहिजे, आणि शाळेला मैदान पाहिजे हेही त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. पण जवळ शाळा देण्याची जबाबदारी सरकारची, खासगी शाळांची नाही. गंमत बघा, खासगी शाळांच्या ॲडमिशनमध्ये घर किती लांब हे जिथे मोजून बघतात ती जागा म्हणजे आरटीईचा २५ टक्के कोटा, तिथे फॉर्म भरताना नकाशावर घर दाखवावं लागतं आणि १ किलोमीटरवाल्यांना आधी नंबर मिळतो. उरलेल्या ७५ टक्क्यांना अंतर कोणी विचारत नाही, फी भरा आणि बसचा रूट नंबर घ्या. त्या २५ टक्क्यांवरही २०२४ मध्ये टाच आली होती, जवळ सरकारी शाळा असेल तर खासगीला सूट असा बदल सरकारने केला आणि मुंबई हायकोर्टाने जुलैमध्ये तो रद्द केला. म्हणजे "जवळची शाळा" ही कल्पना आपल्याकडे फक्त गरिबांसाठी आणि तीही कोर्टकज्जे करून. मध्यमवर्गाला जवळची शाळा नकोच असते खरं तर, "नाव" असलेली हवी असते, त्यात आम्हीही आलो.

शाळा एवढ्या बाहेर का जातात हेही काही गूढ नाही. बोर्डाची मान्यता घ्यायची तर मोठा प्लॉट पाहिजे, टर्फ आणि पोर्च पाहिजे तर अजून मोठा, आणि एवढी जमीन परवडणाऱ्या भावात शहराच्या कडेलाच मिळते. मग रस्ता नसतो, तो पाच वर्षांनी येतो, फुटपाथ त्यानंतर, आणि तोपर्यंत पोरं दहावी होऊन गेलेली असतात. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत आली, तिथे टॉवर आधी उभे राहिले आणि बाकीचं मागून रांगत येतंय. अमेरिकेत हेच आधी होऊन गेलंय. तिथे बऱ्याच राज्यांत शाळेला किमान इतके एकर पाहिजेत असे नियम होते, मग जुन्या वस्तीतल्या छोट्या शाळा बंद आणि गावाबाहेर मोठाली कॅम्पस. १९६९ मध्ये तिथली आठवीपर्यंतची ४८ टक्के मुलं चालत किंवा सायकलने शाळेत जायची, २००९ मध्ये उरली १३ टक्के. सगळा दोष अंतराचा नाही, गाड्याही वाढल्या, आईबापांची भीतीही वाढली, पण पोर चालत जाईल की नाही हे ठरवण्यात अंतराचा वाटा मोठा, हे अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा दिसलंय. आपण त्यांची ब्रोशरं उचलली तर हेही सोबत आलं.

तुलनेसाठी नणंदेचं घर सांगते, नेरुळला, सिडकोच्या जुन्या सेक्टरमध्ये. बिल्डिंग बघाल तर नाक मुरडाल, चार मजले, लिफ्ट नाही, पावसाळ्यात भिंतीला ओल. क्लबहाऊस वगैरे काही नाही. पण तिची दोन्ही पोरं शाळेत चालत जातात, धाकटा चौथीत आहे तरी शेजारच्या पोराबरोबर जातो, वाटेत मोठा रस्ता एकही नाही. मे महिन्यात आमची पोरं तिकडे राहिली तेव्हा मी मुद्दाम बघत होते. सकाळी दूध आणायला खाली, मग पलीकडच्या गल्लीत क्रिकेट, दुपारी कुणाच्या तरी घरी, संध्याकाळी मैदान, मध्येच आत्याने दही आणायला पिटाळलं, चार मजले चढउतार तर मोजतच नाही. कोणी त्यांना "जा खेळ" म्हणत नव्हतं. एकदोनदा चालतच ज्वेल ऑफ नवी मुंबई या बागेत गेली, त्या तलावाच्या कडेने फिरून दमून आली आणि नऊ वाजता झोपली. आमचा मुलगा! नऊ वाजता!

हे आपोआप झालेलं नाही. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लॅरन्स पेरी नावाच्या माणसाने एक कल्पना मांडली होती, वस्तीच्या मधोमध प्राथमिक शाळा, तिथपर्यंत जास्तीत जास्त पाव मैल म्हणजे ४०० मीटरभर चालणं, मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, आतून नाहीत. चंदीगडचे सेक्टर ८०० बाय १२०० मीटरचे, तेही याच विचाराचे, लहान मुलाला शाळेसाठी मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. आणि १९७० मध्ये सिडको आली तेव्हा नवी मुंबईचे नोड आणि सेक्टर पाडताना शाळा, बाजार, मैदान यांचे प्लॉट सेक्टरमध्येच ठेवले गेले. म्हणजे नणंदेच्या धाकट्याला जे फुकटात मिळतंय ते कुणीतरी कागदावर आधी आखून ठेवलेलं आहे. आमच्याकडेही कागद आहे, त्यावर "पोडियम ऑफ जॉय" लिहिलंय.

नेरुळ म्हणजे स्वर्ग असं नाही. आत गल्ल्यांत दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या, फुटपाथवर स्कूटर, पोरांना रस्त्याच्या मधून चालावं लागतं. शाळा सुटताना गेटसमोर एसयूव्हींची जी गर्दी होते ती बघून हसावं की रडावं कळत नाही, दोन सेक्टर पलीकडे राहणारेही गाडी घेऊन येतात आणि मग म्हणतात ट्रॅफिकमुळे पोरांना चालत पाठवायची भीती वाटते. मोठ्या शाळांत वाशी-खारघरहून बसने येणारी पोरंही भरपूर आहेत. आणि भाव असे की आम्हाला तिथे घेणं शक्य नाही, हा मुद्दा रिव्ह्यूत लिहायलाच हवा नाहीतर तुम्ही म्हणाल एवढं आवडतं तर जा तिकडे.

पुण्यातच बघायचं तर पेठांमध्ये बघा. सासरे नूमवि शाळेचे, अप्पा बळवंत चौकातून चालत, पुढे कॉलेजला सायकल. तिथल्या कितीतरी शाळांना आजच्या बोर्डाने मान्यतासुद्धा दिली नसती एवढ्या दाटीवाटीच्या जागा, पण शाळा वस्तीच्या पोटात होती आणि पोरं दिवसाला दोनदा तरी ती वाट पायी तुडवायची, घरी जेवायला येणारी चारदा. आता तिथे ट्रॅफिक असा की मीही पोराला सोडणार नाही. पण मोठं ग्राउंड लांब असण्यापेक्षा छोटं ग्राउंड जवळ असलेलं जास्त वापरलं जातं हे माझं मत आता पक्कं झालंय, टर्फच्या फोटोंनी ते बदलणार नाही.

इथे थोडं काही सुधारता येतं का, तर येतं. आम्ही तीनचार घरांनी बग्गी बंद केली, पोरं गेटपर्यंत चालत जातात, दहा मिनिटं लवकर निघावं लागतं आणि सुरुवातीला सिक्युरिटीवाले काका बघत राहायचे. बॉलची पाटी फक्त संध्याकाळी पाच ते सात झाकून ठेवायची अशी तडजोड एका विंगमध्ये झालीय, व्हिजिटर पार्किंगचा कोपरा दोरी लावून मोकळा करतात, तिथे टेनिस बॉलने खेळतात. काच अजून फुटलेली नाही. सकाळच्या बाबतीत मात्र हात टेकले, चौथीपर्यंतची शाळा ९ नंतर भरवा असं सरकारने २०२४ मध्ये सांगितलं, पण बसवाल्यांना त्याच बसने मोठ्या पोरांचीही फेरी करायची असते, आणि इतक्या लांबून ९ ची शाळा म्हटलं तरी पोराला सातला उठवावंच लागतं.

घ्यायला किंवा भाड्याने बघायला जाणार असाल तर रविवारी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळं गोड असतं, सरबत मिळतं. सोमवार ते शुक्रवार कधीही सकाळी पावणेसातला गेटवर जाऊन उभे राहा, किती पोरं बसमध्ये चढतात आणि किती पायी बाहेर पडतात ते बघा. नकाशावर शाळेचं अंतर बघताना गाडीचं चिन्ह बंद करून चालणाऱ्या माणसाचं चिन्ह दाबा, आणि मग तो रस्ता एकदा खरोखर चाला, पोराला घेऊन, शक्यतो पावसात. पोडियमवरच्या पाट्या वाचा. १० ते १४ वयाची पोरं संध्याकाळी कुठे असतात ते बघा, दिसलीच नाहीत तर समजून जा.

पोरं नसतील किंवा अगदी लहान असतील तर जागा उत्तम, चार स्टार. रिटायर्ड आईबाबांसाठी साडेचार, त्यांचा ग्रुप जबरदस्त आहे. शाळेत जाणारी पोरं असतील तर माझ्याकडून दोन, त्यातला एक सेफ्टीचा. आमचा ॲग्रीमेंट मार्चमध्ये संपतो आणि मुलीच्या शाळेजवळ जुन्या बिल्डिंगमध्ये टूबीएचके बघतोय, लिफ्ट आहे पण बंद असते असं मालक आधीच म्हणाले.